लाल तेलाचा माग

पिकअप ट्रकच्या पुढच्या जाळीतून टॉर्चचा झोत आत सोडला की एकामागे एक उभे असलेले, बारीक पत्र्याच्या घड्यांचे थर दिसतात. सगळ्यात मागे, गाडीच्या जवळजवळ रुंदीइतका पसरलेला, तो रेडिएटर. त्याच्या पुढे तितकाच मोठा एसीचा कंडेन्सर. आणि त्याच्याही पुढे, बहुधा एका अंगाला सरकवलेला, फूटभर लांबीचा एक लहान चौकोन. त्याला दोन नळ्या जोडलेल्या असतात आणि त्या दोन्ही गाडीच्या पोटाकडे जाऊन अंधारात नाहीशा होतात. हा ट्रान्समिशन कूलर, गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा. म्हणजे त्याचा दिसणारा भाग.

न दिसणारा भाग मागच्या रेडिएटरमध्ये आहे. रेडिएटरच्या कडेला जी प्लॅस्टिकची टाकी असते, तिच्या आत एक धातूची नळी किंवा चपट्या पट्ट्यांचा जुडगा बसवलेला असतो. बाहेर इंजिनचं कूलंट, आत गिअरबॉक्सचं लाल तेल, मध्ये पातळ धातूची एक भिंत. बाहेरून फक्त दोन तोट्या दिसतात. बहुतेक मालक वर्षानुवर्षं गाडी चालवतात आणि त्यांच्या रेडिएटरच्या पोटात गिअरबॉक्सचं तेल फिरतं आहे, हे त्यांना ठाऊक नसतं. ते ठाऊक नसणं किती महागात पडू शकतं, हे सांगण्यासाठी मी हा लेख लिहितो आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला आधी एक खुलासा हवा. आपल्याकडे पिकअप म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती कांद्याच्या गोण्या नाहीतर टोमॅटोचे क्रेट भरून बाजार समितीकडे निघालेली बोलेरो पिकअप. तिचे गिअर हाताने बदलायचे. गिअरबॉक्समधलं दाट तेल दात्यांवरच उडत राहतं, थोडीफार उष्णता होते ती आवरणातून बाहेर पडते, आणि कूलरची गरजच भासत नाही. अमेरिकेतला पिकअप वेगळा. फोर्डची एफ-सीरीज तिथे १९७७ पासून सर्वाधिक खपाची पिकअप आहे, आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या अशा गाड्यांपैकी जवळजवळ सगळ्या ऑटोमॅटिक आहेत. एफ-१५० ला हाताचे गिअर २००८ नंतर मिळाले नाहीत. रॅमच्या अवजड डिझेल पिकअपमध्ये ते २०१८ पर्यंत टिकले, मग तिथूनही गेले. आता या गाडीच्या मागे बोट जोडा, घोड्यांचा ट्रेलर जोडा, झोपायच्या खोलीसकट पाच टनांचा कॅम्पर जोडा, आणि डोंगर चढा. तेव्हा कूलर कामाला लागतो.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेच्या उपनगरांत राहतो. नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स या गावांत मराठी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकांचं पोट मोटारधंद्यावर चालतं. गणपतीच्या जेवणानंतर हात धुताना ट्रान्समिशनच्या तापमानावर बोलणारी माणसं मी इथे पाहिली आहेत. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी परका राहिला नाही.

उष्णता येते कुठून? ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये हाताच्या गाडीसारखा क्लच नसतो, टॉर्क कन्व्हर्टर असतो. एकाच बंद आवरणात पात्यांची दोन चाकं समोरासमोर बसवलेली असतात. इंजिनाचं चाक तेल फेकतं, त्या तेलाच्या माऱ्याने गिअरबॉक्सचं चाक फिरतं, आणि मधलं तिसरं लहान चाक परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून जोर वाढवतं. हर्मन फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांसाठी मांडली. तिच्यात सोय मोठी आहे: गाडी लाल दिव्याला उभी असताना इंजिन बंद पडत नाही, निघताना धक्का बसत नाही. पण पहिलं चाक जितकं फिरतं तितकं दुसरं फिरत नाही, आणि त्या फरकात हरवलेली सगळी शक्ती तेलाला तापवते. समजा चढावर इंजिनातून १५० अश्वशक्ती येते आहे आणि त्यातली दहा टक्के कन्व्हर्टरमध्ये घसरून वाया जाते आहे. म्हणजे १५ अश्वशक्ती, सुमारे ११ किलोवॅट. घरच्या न्हाणीतला दोन किलोवॅटचा गिझर घ्या, तसे साडेपाच गिझर दहा-बारा लिटर तेलात एकदम चालू आहेत असं समजा. त्या तेलाला जायला थंड जागा नसेल तर ते काही मिनिटांत उकळीच्या पाण्याहून गरम होईल.

वेग स्थिर झाला की कन्व्हर्टरच्या आतला लॉक-अप क्लच दोन्ही चाकं एकमेकांना बांधतो आणि ही नासाडी थांबते. पॅकार्डने १९४९ मध्ये असा क्लच पहिल्यांदा बाजारात आणला. इंधन महागल्यावर, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, तो सगळीकडे पसरला. पण मोठं ओझं घेऊन चढताना, गर्दीत रांगताना, बोट पाण्यातून उतारावर ओढून काढताना क्लच सुटलेलाच असतो. तेल तापतं ते नेमकं अशा वेळी, जेव्हा गाडीचा वेग कमी आणि जाळीतून येणारा वाराही कमी.

अमेरिकेतल्या ट्रान्समिशनच्या गॅरेजांत एक जुना हिशेब चालतो: तेल १७५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे ७९ अंश सेल्सिअसला, राहिलं तर ते एक लाख मैल टिकतं, त्यापुढे दर २० अंश फॅरनहाइटला त्याचं आयुष्य निम्मं होतं. १९५ ला पन्नास हजार, २१५ ला पंचवीस हजार. साधारण २४० अंशांच्या पुढे तेलातून राळेसारखा चिकट थर सुटून झडपांवर बसू लागतो, २६० च्या आसपास रबरी सील कडक होतात, ३०० च्या जवळ गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटा घसरायला लागतात. हा हिशेब जुन्या खनिज तेलांच्या काळातला आहे आणि आजची कृत्रिम तेलं त्याहून बरीच चिवट आहेत. तरी त्यातली दिशा खरी आहे. शंभर अंश सेल्सिअसच्या वर वारंवार जाणारा गिअरबॉक्स आपलं आयुष्य खर्चून टाकतो आहे.

आता थोडा इतिहास. जनरल मोटर्सने हायड्रा-मॅटिक नावाचा पहिला मोठ्या प्रमाणावर बनलेला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये दिला. दुसऱ्या महायुद्धात तोच स्टुअर्ट आणि चॅफी या रणगाड्यांत बसला. १९५३ मध्ये फोर्डने एफ-१०० पिकअपला ऑटोमॅटिकचा पर्याय दिला, पुढच्या वर्षी शेव्हरलेने दिला. त्या दिवसांतल्या काही हलक्या गिअरबॉक्सांना वेगळा कूलर नव्हताच. कन्व्हर्टरच्या आवरणालाच पाती असत आणि ती हवा ढकलून स्वतःला थंड करत. शक्ती वाढली, ओझी वाढली, आणि तेलाला बाहेर नेऊन थंड करून आणणं भाग पडलं. रेडिएटर आयता होताच, त्यातली एक टाकी वापरली गेली. पुढचा हवेचा कूलर नंतर आला, आधी ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी जादा पैसे मोजून घ्यायची वस्तू म्हणून.

तेलाचीही एक गोष्ट आहे आणि ती कूलरपाशी येऊन थांबते. हे तेल लाल असतं कारण त्यात रंग घालतात. गाडीखाली ठिपका दिसला तर तो इंजिनच्या तेलाचा की गिअरबॉक्सचा हे ओळखता यावं म्हणून. पण जुन्या काळी त्यात आणखी एक घटक असे: स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल. क्लच प्लेटा एकमेकींना धरताना कचकन न धरता हळुवार धराव्यात, यासाठी त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं. अमेरिकेने १९७० मध्ये हा देवमासा नामशेष होण्याच्या धोक्यातल्या प्राण्यांत घातला, १९७३ चा कडक कायदा आला आणि ते तेल बंद झालं. हे व्हायलाच हवं होतं. मात्र रसायनतज्ज्ञांनी घाईने जे पर्यायी तेल बनवलं, त्याच्या सुरुवातीच्या एका मिश्रणाने रेडिएटरमधल्या कूलरच्या पितळी भागांना आणि झाळलेल्या सांध्यांना खायला सुरुवात केली, आणि मग गंजरोधक घालून ते पुन्हा बनवावं लागलं. जिथे दोन द्रव एका पातळ भिंतीच्या आड राहतात, तिथे रसायनातला लहानसा बदलही भिंत पाडू शकतो, हे तेव्हाच दिसून आलं होतं.

ती भिंत पुढे खरोखर पडली. निसानच्या २००५ ते २०१० या वर्षांच्या फ्रंटियर पिकअपमध्ये आणि तिच्याच सांगाड्यावरच्या एक्सटेरा आणि पाथफाइंडर या गाड्यांमध्ये रेडिएटरच्या आतला कूलर फुटू लागला. कूलंट आणि लाल तेल एकत्र घुसळून गुलाबी, फेसाळ रबडी तयार होई. मालकांनी त्याला नाव दिलं स्ट्रॉबेरी मिल्कशेक. नाव गोड, परिणाम भयंकर: धातूच्या एका पातळ भिंतीपायी हजारो डॉलरचा गिअरबॉक्स जाई.

हे इतकं वाईट का, ते समजून घेण्यासारखं आहे. क्लच प्लेटांवर कागदासारख्या तंतुमय लायनिंगचा थर चिकटवलेला असतो. पाणी त्या थरात शिरून तो फुगवतं, आणि कूलंटमधलं ग्लायकॉल त्याखालचा गोंद सोडवतं. मग थर सोलून निघतो, त्याचे तुकडे झडपांत अडकतात, गाडी थरथरते, गिअर उशिरा पडतो, एक दिवस पडतच नाही. तेल बदलून हे धुऊन निघत नाही, कारण गोंद एकदा सुटला की सुटला. गुलाबी तेल दिसल्या दिवशीच गिअरबॉक्सच्या नुकसानीचा मोठा भाग होऊन गेलेला असतो.

आणि हे बहुधा गाडी उभी असताना घडतं. गाडी चालू असते तेव्हा कूलरच्या नळीत तेलाचा दाब असतो, म्हणून फट पडली तरी तेल कूलंटकडे जाण्याचा कल जास्त. इंजिन बंद केलं की तेलाचा पंप थांबतो, दाब शून्यावर येतो. पण रेडिएटर तापलेला असतो, बंद टोपणाखाली त्यात दर चौरस इंचाला पंधराएक पौंडांचा दाब असतो, आणि तो बराच वेळ राहतो. आता कूलंट त्याच फटीतून तेलात शिरतं. मालक घरात जेवत असतो आणि अंगणात गाडीचा गिअरबॉक्स पाणी पीत असतो. डॅशबोर्डवर कोणताही दिवा लागत नाही.

ग्राहकांनी सामूहिक दावे लावले. निसानने रेडिएटर आणि त्यामुळे बिघडणाऱ्या भागांची हमी ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांपर्यंत वाढवली. पुढे तडजोडीत ती १० वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत नेली गेली, मात्र त्या वाढीव काळात खर्चाचा मोठा वाटा ग्राहकाचा. या मुदती केव्हाच संपल्या आहेत. गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात, आणि त्या मालकाला बऱ्याचदा हा इतिहास कोणी सांगितलेला नसतो. म्हणून कूलर कुठे आहे हे कळणं मला माहितीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्याला कळतं, तो तेल गुलाबी व्हायच्या आधी रेडिएटर बदलतो, किंवा नळ्या रेडिएटरमधून काढून थेट पुढच्या हवेच्या कूलरला जोडतो. ज्याला कळत नाही, तो टो ट्रक बोलावतो.

तर शोधायचा कसा? सुरुवात पुढून न करता गिअरबॉक्सपासून करावी, हे मला गॅरेजांत वावरणाऱ्या सगळ्यांकडून ऐकायला मिळालं आणि स्वतः जमिनीवर पाठ टेकल्यावर पटलं. पुढे जाळीमागे इतकी यंत्रं दाटलेली असतात की नजर फसते. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे, इंजिन पूर्ण गार. वर उचलायचीच असेल तर मजबूत स्टँडवर. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली डोकं घालू नये. गिअरबॉक्सच्या बाजूला दोन तोट्या असतात, त्यांतून दोन नळ्या निघतात. जनरल मोटर्सच्या ४एल६०-ई या, लाखो शेव्हरले आणि जीएमसी पिकअपमध्ये बसलेल्या गिअरबॉक्सवर त्या उजव्या अंगाला आहेत. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणजे ही प्रवाशाची बाजू. खालच्या तोटीतून गरम तेल बाहेर जातं, वरच्या तोटीतून थंड होऊन परत येतं.

त्या नळ्या धरून पुढे सरकायचं. पोलादी नळ्या इंजिनच्या तेलपात्राच्या कडेने, कधी चासीच्या पट्टीला क्लिपा लावून पुढे जातात. जिथे इंजिन थरथरतं पण रेडिएटर थरथरत नाही, तिथे मध्ये रबरी होजचा तुकडा येतो. एक नळी रेडिएटरच्या कडेच्या टाकीत शिरते. टाकीतून दुसरी बाहेर पडून पुढच्या छोट्या कूलरकडे वळते, आणि त्यातून निघालेली तिसरी परत मागे गिअरबॉक्सकडे जाते. बहुतेक कंपन्यांचा क्रम हाच: आधी रेडिएटर, मग हवा. पुढे कूलर दिसत नसेल आणि दोन्ही नळ्या रेडिएटरपाशीच संपत असतील, तर त्या गाडीत फक्त आतला कूलर आहे. ट्रेलर ओढायचं पॅकेज न घेतलेल्या पुष्कळ जुन्या गाड्यांत असंच असतं.

फसवणारी मंडळी तीन. एसीच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, एक जाड एक बारीक, कंडेन्सरला जातात. त्यांना हातही लावायचा नाही, आत दाबाखालचा वायू आहे. जुन्या गाड्यांत पॉवर स्टीअरिंगच्या तेलाचा कूलर, बहुधा नुसता एक वळवलेला पाइप, कंडेन्सरच्या पुढे दिसतो. एफ-१५० मध्ये स्टीअरिंग २०११ पासून विजेवर गेलं तसा तो पाइपही गेला. तिसरा इंजिन ऑइलचा कूलर. शेव्हरलेच्या मोठ्या पिकअपमध्ये रेडिएटरच्या एका बाजूच्या टाकीत इंजिनचं तेल आणि दुसऱ्या बाजूच्या टाकीत गिअरबॉक्सचं तेल थंड होत असतं, तोट्या जवळजवळ सारख्या दिसतात. इथे नळीचा माग मागे नेऊन गिअरबॉक्सला टेकवल्याशिवाय खात्री नाही. गाडी थोडी चालवून आणून, दुरून तापमान मोजणारं उपकरण नळ्यांवर रोखलं तरी उलगडा होतो: जाणारी नळी गरम, येणारी तिच्याहून गार. दोन्ही सारख्याच गरम असतील तर कूलरमधून उष्णता जात नाही. एक गरम आणि दुसरी अगदीच थंड असेल तर तेल वाहतच नाही.

तेल न वाहणं हे तापण्यापेक्षाही वाईट, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. कूलरमधून परतणारं तेल थेट गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलपात्रात पडत नाही, ते गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंग आणि गिअर यांच्या वंगणासाठी जातं. कूलर तुंबला की गिअरबॉक्स तापतो आणि त्याच वेळी कोरडाही पडतो. म्हणून चांगला कारागीर परतीची नळी सोडवून बादलीत धरतो आणि घड्याळ लावतो. वीस सेकंदांत क्वार्टभर, म्हणजे लिटरहून थोडं कमी, तेल यायला हवं. नव्या काही गिअरबॉक्सांत तेल तापल्याशिवाय कूलरकडे न सोडणारी झडप असते, तिथे ही परीक्षा तेल गरम करूनच घ्यावी लागते.

ती झडप, आणि रेडिएटरमधला तो धोकादायक वाटणारा कूलर, दोघांची बाजूही ऐकायला हवी. इथे जानेवारीत पारा उणे वीस अंश सेल्सिअसला जातो. तेव्हा गिअरबॉक्सचं तेल मधासारखं घट्ट होतं, आणि रेडिएटरमधलं गरम होणारं कूलंट त्याला थंड करण्याऐवजी तापवतं. बाहेरचा कूलर उघड्या वाऱ्यात गारठून आतलं तेल जवळजवळ थिजवू शकतो. म्हणून अ‍ॅरिझोनातल्या फ्रंटियरच्या मालकाने रेडिएटर टाळून नळ्या थेट पुढच्या कूलरला जोडल्या तर मी त्याला शहाणा म्हणेन. मिनेसोटातल्या मालकाने मात्र नवा, चांगल्या बांधणीचा रेडिएटर बसवावा असं माझं मत आहे. जागा बदलली की योग्य उत्तर बदलतं. सल्ला देणारे बहुतेक जण कुठल्या हवामानात बसून बोलत आहेत ते सांगत नाहीत.

कूलर किती मोठा आणि कुठे, याचा निवाडा आता एका विशिष्ट रस्त्यावर होतो. अ‍ॅरिझोना आणि नेव्हाडा यांच्या सीमेवर कोलोरॅडो नदीवर डेव्हिस धरण आहे. तिथून राज्य मार्ग ६८ ब्लॅक माउंटन्स नावाच्या उघड्या, काळपट डोंगरांत चढतो: ११.४ मैलांत सुमारे तीन हजार फूट, सावलीला झाड नाही. पूर्वी प्रत्येक कंपनी आपला ट्रक किती वजन ओढतो याचा आकडा स्वतःच ठरवायची, आणि जाहिरातींत ते आकडे दरवर्षी फुगायचे. २००८ मध्ये मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, एसएईने, जे२८०७ हे मानक काढलं. त्यातली एक परीक्षा याच चढावर बेतलेली आहे. हवा किमान १०० अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण जोरात, मागे जाहीर केलेलं पूर्ण वजन, आणि नेहमीच्या पिकअपने ताशी ४० मैलांच्या खाली उतरायचं नाही. काही फुटता कामा नये, धोक्याचा दिवा लागता कामा नये. टोयोटाने २०११ च्या मॉडेलांपासून हे मानक पाळलं, डेट्रॉइटच्या तिन्ही कंपन्या (फोर्ड, जनरल मोटर्स, रॅम) २०१५ च्या सुमारास आल्या, आणि काही गाड्यांचे जाहीर आकडे तेव्हा खाली आले. ही फार चांगली गोष्ट झाली. जाळीमागचा तो फूटभर चौकोन जाहिरातवाल्यांच्या हातातून सुटून एका डोंगराच्या ताब्यात गेला.

गॅरेजवाल्यांना सगळ्यात जास्त चीड येते ती मात्र वेगळ्याच प्रकाराची. गिअरबॉक्स खराब होतो, मालक मोठा खर्च करून नवा किंवा पुन्हा बांधलेला बसवतो, आणि काही महिन्यांत तोही जातो. कारण जुन्या गिअरबॉक्सच्या झिजलेल्या प्लेटांचा आणि धातूचा चुरा कूलरमध्ये साचलेला होता आणि तो कोणी काढला नाही. जुन्या साध्या, एकाच सलग नळीच्या कूलरमधून दाबाने द्रव सोडून हा चुरा बराचसा धुता येतो. आजचे बहुतेक कूलर थरांवर थर रचलेल्या चपट्या पट्ट्यांचे असतात. तेल त्यांत अनेक समांतर वाटांनी जातं, एक वाट तुंबली तरी बाकीच्या वाटांनी द्रव निघून जातो आणि धुणाऱ्याला वाटतं साफ झालं. अडकलेला चुरा नंतर सुटतो. असा कूलर फेकून नवाच घालावा. मोठ्या बिलात ही रक्कम लहान आहे, आणि तीच वाचवायला जाणं हा या धंद्यातला सगळ्यात महागडी काटकसर आहे.

नळ्यांचं दुखणं प्रदेशाप्रमाणे वेगळं. मिशिगन, ओहायो, न्यू यॉर्कमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. ते चासीवर चढून पोलादी नळ्या खातं, बहुधा क्लिपेच्या आड, जिथे ओल टिकते. दक्षिणेत आखाताच्या किनाऱ्याला मे आणि सप्टेंबरमध्ये लव्हबग नावाच्या काळ्या किड्यांचे थवे येतात आणि जाळीतून जाऊन कूलरच्या पात्यांत चिकटतात. कूलर आणि कंडेन्सर यांच्यामधल्या बोटभर फटीत गवताची कुसं, पिसं, चिखल साचतो, आणि पुढून पाहिलं तर सगळं स्वच्छ दिसतं. पाण्याची धार मागून पुढे, सौम्य दाबाने मारावी. जोराच्या धारेने पाती वाकतात आणि वाट कायमची बंद होते.

एका गोष्टीबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. पूर्वी इंजिनाचं झाकण उघडलं की गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी हाताशी असे. ती ओढून पुसायची, पुन्हा घालायची, रंग पाहायचा, वास घ्यायचा: तांबडं आणि स्वच्छ म्हणजे ठीक, तपकिरी आणि करपलेलं म्हणजे तापलेलं, गुलाबी आणि गढूळ म्हणजे पाणी शिरलेलं. आता ती पट्टी नाहीशी होत चालली आहे. एफ-१५० च्या दहा गिअरांच्या १०आर८० ला ती आहे, पण गाडीच्या खाली, गरम एक्झॉस्टच्या शेजारी, बोटभर लांबीची. रॅम १५०० मध्ये २०१३ पासून आलेल्या, झेडएफच्या आरेखनाच्या आठ गिअरांच्या पेटीला ती नाहीच. तेल ठरावीक तापमानाला आणून खालच्या बुचातून पातळी तपासावी लागते. आयुष्यभर तेल बदलायला नको, असंही काही कंपन्या सांगतात. झेडएफ मात्र स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला तेल बदलायला सांगते. मालकाला आपल्या यंत्राची तब्येत स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावी, हा त्याचा हक्क आहे असं मी मानतो. कूलर आणि त्याच्या नळ्या ही आता त्यातली शेवटची उघडी जागा उरली आहे. म्हणून ती माहीत करून घ्यायची.

वापरलेली पिकअप घ्यायची असेल तर इंजिन रात्रभर गार झालेलं असताना जावं. आधी कूलंटच्या बाटलीत पाहावं: गुलाबी-तपकिरी साय किंवा तेलाचा तवंग दिसला तर पुढे बोलणंच नको. मग टॉर्च घेऊन खाली जावं. दोन्ही नळ्या कुठून कुठे जातात ते पाहावं, क्लिपेच्या आड बोट फिरवून गंज चाचपावा, सांध्यांपाशी ओल आहे का बघावं. रेडिएटरच्या तोट्या बुजवलेल्या आणि नळ्या थेट पुढच्या कूलरला गेलेल्या दिसल्या तर आधीच्या मालकाला हा प्रकार माहीत होता. त्याने ते आधीच केलं की गुलाबी झाल्यावर, हे विचारावं. रेडिएटर बदललेला असेल तर पावती मागावी आणि तिच्यावरचे मैल आजच्या आकड्याशी ताडून पाहावेत. गिअरबॉक्स बदललेला असेल तर कूलर त्याच वेळी बदलला का, हा एकच प्रश्न. उत्तर नाही असं आलं, तर नव्या कूलरची आणि तेलाची किंमत गाडीच्या किमतीतून वजा करून मगच बोली लावावी.